दाब म्हणेन तेव्हाच दाब

१२ मार्च, गुरुवार
बायकोची लायसन्सची टेस्ट मंगळवारी. आज पुन्हा म्हणाली, ब्रेक भुसभुशीत लागतोय. मी म्हणालो, ब्रेक नाही, पाय भुसभुशीत आहे. नाचता येईना, अंगण वाकडं. जेवणात मीठ नव्हतं. योगायोग असावा.
नंतर गुपचूप पेडल दाबून पाहिलं. भुसभुशीतच आहे. रविवारी ब्रेक ऑइल घरीच बदलणार. मेहुणा म्हणतो, गॅरेजला द्या. मेहुण्याला साधी सायकलची चेन बसवता येत नसावी.

१४ मार्च, शनिवार
तयारी पूर्ण. नवं ऑइल, पाना, पारदर्शक नळी, सॉसची रिकामी बाटली. व्हिडिओ पाहिला, तोही फास्ट करून. पोरखेळ आहे. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचा नट सैल करायचा. जुनं ऑइल आणि एअर बाहेर. नट घट्ट. मगच पेडल सोडायचं.
पेडलवर बायको. डोकं माझं, पाय तिचा. तिला बजावलं, 'दाब' म्हणेन तेव्हाच दाब, 'सोड' म्हणेन तेव्हाच सोड, स्वतःचं डोकं चालवू नकोस. ती 'बरं' म्हणाली. हे 'बरं' मला आवडलं नाही.

१५ मार्च, रविवार. सकाळी
शुभारंभ. जेवणाआधी चारही चाकं.

दुपारी
पहिलं चाक चालू आहे. नट जाम होता. आता नळीतून बुडबुडे येतायत. यश आहे माझ्या हाताला.

चार वाजता
बुडबुडे अजून येतायत. एवढी एअर गाडीत मावते कशी? पेडल थेट तळाला टेकतंय. बायकोने विचारलं, असंच व्हायला हवं का? म्हणालो, आधी बिघडतं, मग सुधारतं.

संध्याकाळी
शोध लागला. नट सैल केला की मी दर वेळी खालून ओरडत होतो, 'सोडला!' आणि ती इमानेइतबारे पाय सोडत होती. नट उघडा, पाय वर. म्हणजे सकाळपासून बाहेरची हवा आम्हीच आत ओढतोय.
म्हणालो, अगं, मी 'सोडला' म्हणालो, 'सोड' नाही. ती म्हणाली, "तुमचा 'ला' गाडीखालीच राहतो. आणि डोकं चालवू नकोस, हे तुम्हीच सांगितलंत."
चूक दोघांची, असं ठरलं. मी ठरवलं.
बॉनेटवर ऑइल सांडलं होतं. पुसलं तर गाडीचा रंगही आला फडक्यावर.

१६ मार्च, सोमवार
ऑफिसातून लवकर आलो. नवी आज्ञावली : 'एक' म्हणजे दाब, 'दोन' म्हणजे सोड. अप्रतिम चाललं. फक्त बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल मध्येच संपलं. तिकडे लक्ष ठेवायचं काम माझं होतं. पुन्हा सगळीकडे एअर.
बायको पायरीवर बसून राहिली. म्हणाली, "दोन महिने शिकतेय हो. उद्याचं तेवढं होऊ द्यायचं होतंत." ओरडली असती तर भांडता आलं असतं. फार वाईट वाटलं. मेहुण्याला फोन तिनेच लावला.

१७ मार्च, मंगळवार
टेस्टसाठी मेहुण्याने स्वतःची गाडी दिली. आमची गाडी टेम्पोवर चढवून गॅरेजला गेली. सगळी बिल्डिंग गॅलरीत. मी 'सावकाश, सावकाश' म्हणत हात हलवत होतो, म्हणजे काम माझ्याच देखरेखीखाली चाललंय असं वाटावं.
बायको पहिल्या फटक्यात पास. मला तीनदा जावं लागलं होतं, पण तेव्हा टेस्ट कडक असायची. टेस्ट घेणाऱ्या साहेबांनी विचारलं म्हणे, ब्रेकवर एवढा छान पाय कुठे बसला? ती म्हणाली, घरीच. श्रेय कोणाचं, हे मी लिहायला नको.

२२ मार्च, रविवार
गाडी आली. ब्रेक कडक. बायको म्हणाली, मी चालवते. मार्गदर्शनासाठी मी शेजारी बसलो. वळणावर समोरून टेम्पो आला. माझा उजवा पाय आपोआप मॅटवर दाबला गेला, आणि तसाच राहिला. तिने अलगद गाडी थांबवली. टेम्पो गेला.
रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "मी 'दाबा' म्हटलं होतं का?"
मी पायाकडे पाहिलं.
"सोडा."
सोडला.