चंपीच्या वाट्याचं दूध

धरमपेठ, नागपूर
डिसेंबर १९५४, बुधवार संध्याकाळ

माझ्या प्रबंधाचं वाटोळं झालं, आणि धड रागही येत नाही. विणकरांच्या वस्तीतल्या निम्म्या मुलांना रोज दूध द्यायचं, निम्म्यांना नाही, मग वजनं ताडून पाहायची. पण वजनं दोन्हीकडे सारखीच वाढत होती! का, ते आज डोळ्यांनी पाहिलं. वस्तीतल्या कौसल्याबाईंनी, मी त्यांच्या लेकासाठी दिलेलं दूध पितळी गडूत ओतलं, अर्धं त्याला पाजलं आणि अर्धं शेजारच्या चंपीला. चंपी बिनदुधाच्या गटातली.

मी म्हटलं, "अहो, हे फक्त तुमच्या मुलासाठी आहे."

"एक पोरगं पेऊन राहिलं अन् दुसरं त्याच्या तोंडाकडं पाहून राहिलं, असं कसं करता येते बाई? तिले काहून नाही, तुमीच सांगा."

काय सांगणार? चिठ्ठ्या टाकल्या त्यात तिचं नाव निघालं नाही, हे?

प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "उद्यापासून समोर उभं राहून पाजा. गडू रिकामा झाल्याशिवाय हलू नका." त्यांचं चुकत नाही. दुधाने फरक पडतो हे दाखवता आलं, तरच उद्या सगळ्या शाळांसाठी दूध मागता येईल. मलाही ते पटतं. पटतं ना?

पण तो गडू! चंपीने त्याच्या तळाशी बोट फिरवून चाटलं आणि माझ्याकडे बघून हसली.

दूध मी तिच्यासाठीच आणते, असं तिला वाटतं.