धुराडं पुन्हा पेटलं

मार्गशीर्ष वद्य ३, शके १८३३

घर सोडलं! माजलगावात उंदीर मरून पडू लागले. गाठीची साथ, प्लेग! तहसीलचा हुकूम आला — बस्ती खाली करा. अख्खी गल्ली गाड्या भरून रानात. आमच्या शेतात मीच कुडाची झोपडी बांधली. वाकडी झालीय. केसर, माझी बायको, म्हणते, "उभी ऱ्हायली तरी लई झालं!"

मार्गशीर्ष वद्य ४

आईचा घोर लागलाय. तिला जुना दमा. गावात घराला लागून भडभुंज्याची भट्टी, मागं कापसाच्या गिरणीचं धुराडं, आणि घरात माझ्या वडलांचा, आबांचा, लिंबाच्या पाल्याचा धूर — दोन्ही वेळा! आबांचं ठाम मत : "धुरानं रोग पळतो. जिथं धूर, तिथं बरकत." रोग राहिला, आईची झोप तेवढी पळाली. आता ही उघड्यावरची थंडी ती कशी सोसणार?

मार्गशीर्ष वद्य १२

नवलच! आल्यापासून आई रात्री खोकलेली नाही. आबा तिच्या बाजेखाली धूर घालतात, वारा तो उडवून नेतो. आबा वाऱ्यावरच चिडले! मी तोंड फिरवून हसलो.

पौष शुद्ध २

हुरडा! पोट फुटेस्तोवर.

पौष शुद्ध ११

पहाटे ओवीनं जाग आली. वाटलं, केसर. बाहेर येऊन पाहतो तर जात्यावर आई! तिला गाता येतं हेच मला ठाऊक नव्हतं. आबा कुडाशी बसून ऐकत होते. म्हणाले, "लगीन झालं तवा अशीच गायची." मला रडू आलं. आनंदाचं!

माघ शुद्ध ५

धुराडं पेटलं! साथ सरली, गिरणी सुरू झाली. गावावर काळा धूर दिसला तशी रानातली सगळी माणसं नाचायला लागली. "गाव जितं झालं!" मीही ओरडलो.

मग आईकडं लक्ष गेलं. ती मुकाट गाठोडं बांधत होती. "चला, आपलं घर हाय ते," एवढंच म्हणाली. माझं तोंड उतरलं. आबांना म्हटलं, आईला इथंच राहू द्या. कडाडले — "पक्कं घर सोडून कुडात ऱ्हायचं? लोक काय म्हनतील रं?"

मी झोपडीतली भांडी आवरायला लागलो. 

माघ शुद्ध ७

काल नाही, आजही पहाटे रोजची ओवी ऐकू आली नाही. उजाडायच्या आत आबा एकटे गाडी जुंपून गावात गेले. "घर झाडून येतो," म्हणाले. दिवस मावळता परतले. गाडीत आमच्या घराचा दरवाजा — चौकटीसकट! झोपडीच्या तोंडाशी तो उभा करत आईला म्हणाले, "गाठोडं सोड, आता हेच आपलं पक्कं घर."