कचरूचा ठावठिकाणा

॥ श्री ॥
देऊळघाट, ता. २ डिसेंबर १९६१

चि. उत्तमरावास दादाचे अ. उ. आ.

तू सुखरूप पोचल्याचे कार्ड मिळाले. पोरांना दोन-दोन पाने निबंध लिहायला लावणारा मास्तर स्वतः चार ओळींत आटोपतो, हे मी इथे सगळ्यांना दाखवले. सिंधू तर हसून हसून लोळली. बापाला नाही, पण काकाला हसायला तिला फार आवडते.

इकडची बातमी मात्र बरी नाही. आपला सालदार कचरू सोमवारपासून गायब आहे. सकाळी बैल घेऊन वावरात गेला, बाभळीखाली बांधले, पुढ्यात कडबा टाकला आणि बायको-लेकरांना इथेच सोडून जो गेला तो गेला. कपाशी वेचणीला आलेली, ज्वारीवर पाखरे तुटून पडलेली. पाडव्याला माझ्या हातचा विडा घेऊन वर्षभराचे काम कबूल करायचे आणि चार महिने उरलेले असताना साल मोडायचे, असे आपल्या घरात आजवर झाले नव्हते. त्याचा बाप तुळशीराम एकवीस पाडवे विडा घेत आला. गुडघे गेले तेव्हा पोराला पुढे केला, पण विडा चुकू दिला नाही. आता मोतीराम सगळ्या गावात सांगत फिरतो की हिंमतरावाचा गडी गेला, उद्या आमचे बी जातील.

कचरूची आई कौशल्याबाई रोज आपल्या पायरीशी येऊन बसते. तुझी वहिनी वाढून देते त्याला हात लावत नाही. पोरगा जिता हाय का नाही तेवढं सांगा, म्हणते. मी कुठून सांगू?

थंडी पडली आहे, घोंगडी पाठवतो. माया आहे ती आहेच, ती पत्रात काय मागायची.

तुझा,
हिंमतराव


॥ श्री ॥
मलकापूर, ता. १० डिसेंबर १९६१

तीर्थस्वरूप दादांचे चरणी उत्तमचा शि. सा. न. वि. वि.

घोंगडी मिळाली. चार ओळींचा टोमणा मनाला लागला, म्हणून आज पाने भरतो. सिंधूने दम खाऊन वाचावे.

दहावीला सध्या अमेरिकेतले यादवी युद्ध शिकवतो आहे. पोरांना वाटते, भाऊ भावावर बंदूक घेऊन उठला की यादवी. मी त्यांना सांगतो, बंदूक अगदी शेवटी येते, त्याआधी चाळीस वर्षे नुसते भांडण असते. दक्षिणेकडची राज्ये कापूस पिकवत, तो गुलामांच्या हातांनी. उत्तरेकडचे म्हणत, हे थांबवा. दक्षिणेचे म्हणत, आमच्या राज्यात काय चालावे ते आम्ही बघू, दूरच्या राजधानीने त्यात नाक खुपसू नये. नवे राज्य झाले की पुन्हा तोच वाद, इथे गुलाम ठेवायचे की नाही. मग एक कायदा आला की गुलाम पळून उत्तरेत गेला तरी त्याला धरून मालकाच्या हवाली करायचे, आणि आसरा देईल तो गुन्हेगार. यावर वर्गात अशी जुंपली की शेजारच्या वर्गातून अब्दुल गनी मास्तर काय झाले म्हणून पाहायला आले. गणिताच्या माणसाला इतिहासात एवढा आवाज असतो हे ठाऊक नव्हते.

आता वहिनींसाठी. कौशल्याबाईंना एकीकडे बोलावून सांगावे की कचरू खुशाल आहे. परवा स्टेशनकडे जाताना जिनिंगच्या फाटकात दिसला. सरकीची पोती वाहतो, तिथल्याच एका छपरात राहतो. अंगावर नवा सदरा होता. मला पाहून आधी घाबरला. मग, उत्तमराव, गावात सांगू नका, असे दोनदा म्हणाला. मी हो म्हटले आहे. पण आईचे अन्न सुटलेले असताना गप्प कसे बसावे? तेव्हा तिच्यापुरतेच सांगावे, दुसरीकडे बोलू नये.

मुलांना गोड पापा. आपले आशीर्वाद पाठीशी असू द्यावेत.

आपला आज्ञाधारक,
उत्तम


॥ श्री ॥
देऊळघाट, ता. १७ डिसेंबर १९६१

चि. उत्तमरावास अ. उ. आ.

तुझे पत्र मंगळवारी आले. आबांची रीत तुला ठाऊकच आहे, घरात आलेले पत्र ओसरीवर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे. सिंधूने खणखणीत वाचले. तुझी अमेरिका ऐकायला शेजारचे मोतीराम, माणिकराव आणि त्यांच्या दोन्ही वाड्यांतल्या बायका जमल्या होत्या. कौशल्याबाई पायरीशी होतीच. पोरगा जिता आहे ऐकून तिने सिंधूच्या तोंडावरून हात फिरवून बोटे मोडली, आणि त्या दिवशी पोटभर जेवली. हे पुण्य तुझे.

दुसऱ्या दिवशी मी, मोतीराम आणि माणिकराव पहिल्या गाडीने मलकापूरला आलो. जिनिंगच्या फाटकात दुपारपर्यंत उभे राहिलो. कचरू बाहेर आला, आम्हाला पाहिले आणि डोक्यावरचे पोते खाली ठेवले. पळाला नाही. मारहाण काही केली नाही, कुणी तसे सांगितले तर विश्वास ठेवू नको. माणिकराव फक्त एवढेच बोलला, तुह्या मायले अन् बापाले गावातच राहायचं हाय ना बे? त्यावर तो मुकाट्याने येऊन गाडीत बसला. दुपारचे दोन वाजले होते, तू शाळेत असशील म्हणून खोलीवर आलो नाही. वहिनीने दिलेले लाडू तसेच परत आणावे लागले.

आता पाडव्यापर्यंत साल पुरे करील. तुझ्यामुळे घराची आब राहिली.

वेळेवर जेवत जावे, पाने भरून लिहीत जावे.

हिंमतराव


॥ श्री ॥
मलकापूर, ता. २० डिसेंबर १९६१

तीर्थस्वरूप दादांस शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र चार वेळा वाचले. बुधवारी दुपारी दोन वाजता मी दहावीच्या फळ्यावर त्याच कायद्याची कलमे लिहीत होतो. इथून जिनिंगचा भोंगा ऐकू येतो, दादा.

मी कचरूला शब्द दिला होता. तो मोडला तो आईच्या मायेपोटी मोडला, असे दोन दिवस मनाला समजावले. पण मन ऐकत नाही. आपल्या घरात पत्र ओसरीवर वाचले जाते हे मला ठाऊक नव्हते का? मी त्याच ओसरीवर वाचायला शिकलो. तिच्यापुरतेच सांगावे असे लिहिताना मी कुणाला फसवत होतो कोण जाणे. तिला वेगळा निरोप द्यायचा तर दर रविवारी एसटीने माणसे जातात, तोंडी सांगता आले असते. मला पत्र लिहायचे होते, अमेरिका सांगून शाबासकी घ्यायची होती, त्यातच तेही लिहून टाकले.

गनी मास्तरांना सगळे सांगितले. ते म्हणाले, मास्तर, शिकवायला दुसऱ्याचा मुलुख सोपा असतो. त्यानंतर मी त्यांच्या घरी चहाला गेलेलो नाही.

पाया पडून मागतो, कचरूला मोकळा करा. मनाविरुद्ध राबवणे हा आपल्या राज्यघटनेत गुन्हा आहे. धाकट्याने थोरल्याला शिकवू नये, पण यावेळी ऐकावे.

रागावलात तरी तोडू नये.

उत्तम


॥ श्री ॥
देऊळघाट, ता. २ जानेवारी १९६२

उत्तमरावास आशीर्वाद.

तुझे पत्र ओसरीवर वाचू दिले नाही. आबांची रीत पहिल्यांदा मोडली, ती तुझ्यामुळे.

गुलाम बाजारात विकतात. कचरूला मी कुणाला विकला? दिवाळीला धोतर, पोळ्याला गोडधोड, बायको आजारी पडली तेव्हा बुलढाण्याच्या दवाखान्यात माझ्याच बैलगाडीने नेली. साल मोडले तर गावात पुढे कुणी काम देत नाही, ही रीत काय मी काढली? गावचा मामला गाव पाहते. आधी आपला वऱ्हाड नागपूरच्या राज्यात होता, मग मुंबईच्या, आता महाराष्ट्र. वरची पाटी बदलते तेव्हा आम्हाला कुणी विचारत नाही. मग आमच्या वावरात माणूस कसा ठेवावा तेवढे तरी आमच्याकडे राहू द्या. तुझ्या दक्षिणेतले लोक हेच म्हणत असतील तर त्यांचे फार काही चुकत नव्हते, हे तुझ्या पोरांना माझ्या नावाने सांग.

आणि आणखी एक. लिहायचे नव्हते, पण तू राज्यघटना काढलीस म्हणून लिहितो. तू आणि कचरू तिसरीपर्यंत एका पाटावर बसत होता. तू बुलढाण्याला शिकायला गेलास आणि घरात दोन हात कमी पडले, तेव्हा आबांनी त्याला शाळेतून काढून बैलांमागे लावला. तो जायच्या दिवशी रडला होता, तू टांग्यात बसून पाहत होतास. तेव्हा काही बोलला नाहीस. मग आठ वर्षे त्याने पिकवलेली ज्वारी तुझ्या खोलीवर पोत्याने गेली. मी मालक असेन तर तू कोण?

संक्रांतीला ये. समोर बसून भांड. पत्रातले भांडण गोड लागत नाही.

हिंमतराव


॥ श्री ॥
मलकापूर, ता. ३० मार्च १९६२

सौ. वहिनींस उत्तमचा सा. न. वि. वि.

हे पत्र दादांना मुद्दाम लिहिलेले नाही. सिंधूने ते ओसरीवर, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचावे. कचरू गोठ्यात असेल तर त्यालाही बोलवावे.

संक्रांतीला मी घरी आलो होतो. समोर बसून भांडणार असे येताना मोताळ्यापर्यंत घोकत होतो. दादांनी मला पाहताच मिठी मारली, तुम्ही गुळपोळीवर तुपाची धार धरली, आणि माझे तोंड त्यातच बंद झाले. संध्याकाळी मी कचरूला तिळगूळ द्यायला गोठ्यात गेलो. त्याने दोन्ही हात पुढे करून घेतला, खाली पाहतच. मी गोड बोल असेसुद्धा म्हणू शकलो नाही. बैलांची चौकशी केली आणि परत आलो. लहानपणी तो मला उत्तम्या म्हणायचा.

मग इथे आल्यावर बुलढाण्याच्या तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहिला. सही केली, तिकीट लावले. आज अडीच महिने तो टेबलाच्या खणात आहे. घराचे नाव कचेरीत जाईल म्हणून टाकला नाही. निवडणुका होऊ देत, असे आधी म्हटले. मग परीक्षा होऊ देत, असे म्हटले. आता पाडवा येतो आहे, तर पेपर तपासायचे आहेत असे कारण सापडले आहे. वहिनी, पेपर फक्त चाळीस आहेत. खरे कारण असे की दादा ताटात विडा घेऊन उभे राहतील आणि कचरू पुढे येईल, तेव्हा तिथे हजर असण्याची माझ्यात हिंमत नाही.

सगळ्यांसमोर सांगतो. कचरूने विश्वासाने सांगितलेले मी फोडले. त्याला दिलेला शब्द मोडला तो मी, त्याला धरून आणवले ते मी, आणि त्याला सोडवण्यासाठी काही केले नाही तेही मीच.

माझी आठवण ठेवू नये असे म्हणवत नाही.

उत्तम


॥ श्री ॥
देऊळघाट, ता. ८ एप्रिल १९६२

ती. उत्तमकाकांस सिंधूचा नमस्कार. आई सांगते तसेच लिहिते आहे. दादांनी लिहायला हो म्हटले आहे.

भाऊजी, तुमचे पत्र आले त्या दिवशी ओसरीवर वाचले. मोतीराम मध्येच उठून गेले. तुमचे दादा शेवटपर्यंत बसले, पण मान वर केली नाही. कचरू गोठ्याच्या दारात उभा होता. त्याने सगळे ऐकले. संपल्यावर आत जाऊन शेण काढू लागला.

गुरुवारी पाडवा झाला. गुढी उभारली. कौशल्याबाई आणि तुळशीराम दोघेही आले होते. तुमच्या दादांनी रीतीप्रमाणे ताट घेतले, विडा पुढे केला. कचरू पुढे आला, ताटाच्या पाया पडला आणि हात जोडून म्हणाला, मालक, मोडलेलं साल पुरं करून देल्लं. आता इडा घेत नाही. एवढंच. आवाज चढवला नाही. ओसरीवर पंधरा-वीस माणसे होती. माणिकराव पुढे सरकले तर तुमच्या दादांनीच त्यांना हाताने थांबवले. मग कचरूकडे न पाहता म्हणाले, जा बे. तुले कोन धरून ठेवलं? आणि विडा परत ताटात ठेवला. त्या दिवशी पुरणपोळीला हात लावला नाही. सांजेला स्वतःच बैलांना पाण्यावर घेऊन गेले. परवापासून त्यांचा हात दुखतो आहे, पण बोलून दाखवत नाहीत. तुमच्याबद्दल वाकडे काही बोलले नाहीत, तेव्हा येत जा. भाऊ भावाचा असतो.

कचरू शुक्रवारी सकाळी बायको-लेकरे घेऊन गेला. आईबापांना महिन्याभरात नेणार आहे. जाताना माझ्या पाया पडायला आला तेव्हा मी डब्यात पोळ्या बांधून दिल्या आणि कुठे राहशील ते विचारले. त्याने गाव सांगितले, फाटक सांगितले, मुकादमाचे नाव सांगितले. गावात कोनाले बी सांगा बाई, मालकाले बी सांगा, आता भेव नाही, म्हणाला. मी म्हटलं, भाऊजींना लिहिते, त्यांच्या जिवाला बरं वाटेल. तर तो डबा घेऊन पायरीपर्यंत गेला आणि मागे वळला. मग म्हणाला, उत्तमरावले सांगू नका.

म्हणून लिहीत नाही, भाऊजी. तेवढे सोडून बाकी सगळे लिहिले आहे.

तुमची वहिनी,
अन्नपूर्णाबाई