माझा एकोणचाळीस देशांचा तक्ता

१ सप्टेंबर, सोमवार
रूपालीनं आज भाकरी थापता थापता निकाल दिला. दसऱ्यापर्यंत पगार वाढला नाही तर बिऱ्हाड लोणंदला. तिथं तिच्या वडिलांची, म्हणजे मामांची, कांद्याची अडत आहे. मी काट्यापाशी उभं राहायचं. थोडक्यात घरजावई. सांगलीत बेदाण्याच्या शेडवर नऊ वर्षं सुपरवायझर आहे मी. पगार साडेअकरा हजार. म्हटलं, महिनाभर दे, शास्त्रशुद्ध पद्धतीनं मागतो. ती म्हणाली, नऊ वर्षं दिलीच की.
संकल्प: चिडायचं नाही. डेटा दाखवायचा.

३ सप्टेंबर
आयडिया सापडली. कुठल्या देशात कामगाराला कायद्यानं कमीत कमी किती देतात, त्याचा तक्ता. आमचे मालक आप्पासो तो बघतील आणि शरमेनं पगार वाढवतील. सुरुवात जोरात. लक्झेंबर्ग, तासाला पंधरा युरोच्या वर. ऑस्ट्रेलिया, पंचवीस डॉलरला पाच सेंट कमी. नॉर्वेत सरसकट सगळ्यांना लागू असा आकडाच नाही. खोडला. नाहीतरी तिथं हिवाळ्यात दुपारीच दिवस मावळतो. आमच्यासारख्या जैन माणसानं जेवायचं कवा?

८ सप्टेंबर, क्षमावाणी
आज पर्युषणानंतरचा क्षमेचा दिवस. एकमेकांची माफी मागायची. वर्षातनं आजच आप्पासो हात जोडून माझ्यासमोर उभे राहतात. हाच मोका, असं ठरवून मंदिरात गेलो. तोंड उघडणार, तेवढ्यात तेच वाकले. डोळ्यांत पाणी. म्हणाले, भरतेश, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा कर. मी म्हटलं, क्षमा. झालं. सगळं एका शब्दात माफ करून बसलो. वर पायाही पडलो.
रूपालीला सांगितलं, वातावरण अनुकूल आहे.

१२ सप्टेंबर
देश झाले एकोणतीस. नवीन कॉलम टाकला: एक किलो बेदाणा घ्यायला किती तास राबावं लागतं. ऑस्ट्रेलियात अर्धा तास. माझं सहज काढलं. आठ तास. तो आकडा पुसला. मी कामगार नव्हे, स्टाफ आहे.
जेवणाच्या सुट्टीत बेदाणा निवडणाऱ्या बायकांना तक्ता वाचून दाखवला. जनरल नॉलेज वाढावं म्हणून. सगळ्यांत जुन्या शकुंतलाबाई म्हणाल्या, आवं दादा, लय भारी, पण आपल्या हितला दर किती लिवलाय? मी म्हटलं, भारत शेवटी घेणार आहे. अक्षरक्रमानं नाही, महत्त्वाप्रमाणं चाललंय.

१७ सप्टेंबर
तक्ता पूर्ण. एकोणचाळीस देश. रंगीत प्रिंट, लॅमिनेशन. भारत राहिला. जागा संपली.
सकाळी अकराला आप्पासोंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून पाच मिनिटं बघितला. विचारलं, लक्झेंबर्गला आपला बेदाणा जाईल का? मी म्हटलं, जाईल. नातवाच्या शाळेत प्रोजेक्ट आहे म्हणून तक्ता घरी घेऊन गेले.
पगाराचा विषय निघाला नाही, पण नाही असंही म्हणाले नाहीत.

२२ सप्टेंबर
बायका अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून कामगार ऑफिसला गेल्या. सगळ्या. न विचारता. जाण्याआधी शकुंतलाबाई ऑफिसात आल्या, दाराच्या मागं खुंटीवर अडकवलेला माझा शर्ट बाजूला सरकवला आणि भिंतीवरच्या सरकारी कागदाचा मोबाईलवर फोटो काढला. म्हणाल्या, तुमी लक्झंबर्ग वाचून दावलंत, तवा म्हटलं आपला बी बघावा. त्या कागदावर आमच्या धंद्याचं किमान वेतन छापलंय. नऊ वर्षं त्याच्यावर शर्ट अडकवतोय मी.
संध्याकाळी स्वतः वाचला. माझा पगार त्यात कुठंच बसत नाही. सगळ्यांत खालच्या ओळीच्याही खाली आहे.
रूपालीला बोललो नाही. तिनं पातेली वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलीत.

२५ सप्टेंबर
कामगार ऑफिसचे साहेब तपासणीला आले. आता सुटलो, असं वाटलं. साहेबांनी हजेरीचं मस्टर मागितलं. एकेक नाव विचारलं. त्यात माझं नव्हतंच. मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, हे कोण? आप्पासोंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, हा भरतेश, आमचा घरचा माणूस, असतो मदतीला. सगळ्या बायकांसमोर. नऊ वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत घरचा म्हणाले. साहेबांनी कागद पुढं केला: नातेवाईक, पगारी नोकर नाही. मी सही केली. अक्षर चांगलं आलं. नंतर साहेबांना चहा पण मीच आणून दिला.
शकुंतलाबाई मान हलवत बघत होत्या.

३० सप्टेंबर
मस्टरवरच्या सगळ्यांचा पगार वाढला. बायकांनी पेढे वाटले. शकुंतलाबाईंना आता माझ्यापेक्षा महिन्याला अठराशे जास्त. दोन पेढे माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, दादा, ह्ये तुमच्यामुळंच झालं. खरंच बोलत होत्या.
मी आप्पासोंकडं गेलो. शेवटी तोंडानंच मागितलं, डेटाबिटा काही नाही. त्यांना वाईट वाटलं. म्हणाले, घरच्या माणसाचा कधी पगार काढतात का? तो तर मी प्रेमानं देतो. वर तूच साहेबांना लिहून दिलंस, नोकर नाही म्हणून. आता मी वाढवला तर तू खोटा पडशील. माझ्या अब्रूची त्यांना काळजी.
हे रूपालीला कसं सांगू? सांगितलं. ती उठली. कपाटातले कपडे काढायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं.

२ ऑक्टोबर, दसरा
शस्त्रपूजेला शेडवर माझा जुना वजनकाटा पुजला. निरोपाला आप्पासोंनी तक्ता परत दिला. नातवाला प्रोजेक्टमध्ये दुसरा नंबर. भारत नाही म्हणून पहिला हुकला.

३ ऑक्टोबर, लोणंद, सकाळी आठ
अडतीवर हजर. मामांच्या घरात सात पिढ्या कांदा कुणी तोंडाला लावलेला नाही, आणि सकाळपासून मी कांद्याच्या ढिगात उभा आहे. डोळ्यांतून पाणी येतंय, ते कांद्याचं आहे.
आल्या आल्या मामांना विचारलं, मस्टर कुठं असतं? मामा लय हसले. म्हणाले, काय पावणं, जावयाचं नाव कुणी मस्टरवर घालतं व्हय? तुमी तर घरचंच.
दुकानाच्या दाराच्या मागं बघितलं. खुंटी आहे, तिच्याखाली तसाच सरकारी कागद. शर्ट हातातच धरून उभा राहिलो.