चौदाचा पाना

ती. मामांना,

साबणाने दोनदा धुतलेले हात जोडून नमस्कार. (हातांचा उल्लेख मुद्दाम केला आहे, पुढे त्यांचा संबंध येईल.) मामीला सांगा, मी वेळेवर जेवतो, निदान रोज जेवतो. तुमच्या कमरेचं काय? गाडीखालून आपले आपण बाहेर येता, की अजून मामीला पाय धरून ओढावं लागतं? दीड वर्षात पत्र नाही म्हणून तुम्ही रागावला असाल, पण मी तीन पत्रं सुरू केली होती. पहिलं बसमध्ये राहिलं. दुसऱ्याच्या पाठीवर एका माणसाने रस्त्याचा नकाशा काढून घेतला आणि तो पत्रासकट निघून गेला. तिसऱ्यात मी दोन पानं त्या बसच्या ड्रायव्हरबद्दलच लिहिली (प्रत्येक वळणावर तो मान अशी काही वाकडी करायचा, की बस चाकांनी नव्हे, मानेने वळते असं वाटावं) आणि मग तुमच्यासाठी जागाच उरली नाही.

तर मुद्दा. तुमच्या गॅरेजमधून मी रुसून निघालो, त्यानंतर फिरत फिरत एका बँडमध्ये शिरलो. बँडचं नाव 'पंक्चर'. गायक, गिटारवाला, ढोलवाला आणि मी. मामी विचारेल, हा काय वाजवतो? मी खुळखुळा वाजवतो आणि बटण दाबतो. बटणाचं पुढे सांगतो. सुरुवातीला आम्हाला ऐकायला सात माणसं यायची, त्यातला एक हॉलचा चौकीदार. पण ती सात माणसं फार मानी होती. त्यातला दाढीवाला तर म्हणायचा, 'तुम्ही खरे आहात, कारण तुम्हाला कोणी ओळखत नाही.' आम्हालाही ते पटायचं, कारण दुसरं काही पटवून घ्यायला नव्हतंच. मग आमचं एक गाणं अचानक चाललं. बेकरीत, केस कापायच्या दुकानात, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, सगळीकडे तेच. आता हजार-हजार माणसं येतात, आणि तो दाढीवाला तिकीट काढून आत येतो आणि निषेध म्हणून पूर्ण वेळ आमच्याकडे पाठ करून उभा राहतो. एकदाही चुकला नाही. इतका निष्ठावान माणूस आम्हाला दुसरा नाही.

गाणं चाललं तशी एक कंपनी आली आणि कंपनीने एक बाई पाठवल्या. आम्ही कसं दिसायचं, कुठे जन्मायचं, कशाने दुखावलं जायचं, हे त्या ठरवतात. आम्ही त्यांना छबीबाई म्हणतो (तोंडावर मॅडम). त्यांनी पहिल्याच दिवशी आमचे कपडे बघितले आणि म्हणाल्या, हे फारच नीटनेटके आहेत, लोकांना हे खरं वाटणार नाही. मग आमच्यासाठी नव्या जीन्स आणल्या आणि त्या सँडपेपरने घासायला एक माणूस ठेवला. तो गुडघ्यावर भोक पाडायच्या आधी खडूने खूण करतो. आणि आता हात. मामा, तुम्ही रोज संध्याकाळी लाकडाचा भुसा आणि साबण घेऊन अर्धा तास नखं घासता, तरी मामी तुम्हाला परातीला हात लावू देत नाही. इथे मेकअपवाली अर्धा तास खर्चून ब्रशने माझ्या नखांत काळं भरते. मी तिला म्हणालो, ताई, हे काळं असं नखाच्या मधोमध नसतं, कडेला असतं. तिने वहीत लिहून घेतलं. गॅरेजमध्ये शिकलेलं काही तरी कामाला आलं, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं.

आता बटण. मन घट्ट करून वाचा. तुम्ही गिअरबॉक्सचे बोल्ट आवळताना शिट्टी वाजवता ना, तीच ती, जी मध्येच तुटते आणि मग दुप्पट जोरात येते? त्या शेवटच्या दिवशी मी कंटाळलो होतो म्हणून फोन टूलबॉक्सवर ठेवून ती रेकॉर्ड केली होती. आमच्या गाण्याच्या सुरुवातीला जी शिट्टी आहे ती तुमची आहे. गाणं चाललं ते तिच्यामुळेच. बाकी गाणं आमचं आहे, पण बाकी गाणं कोणी गुणगुणत नाही. ती जिथे तुटते त्याच जागेवर आमचा ठेका बसवलाय, तो शिकायला ढोलवाल्याला दोन महिने लागले. एका पेपरात तर आलं, की हा ठेका म्हणजे आजच्या माणसाचा अडखळलेला श्वास. मामा, ती तुमची कंबर आहे. तुम्ही पान्यावर जोर देता तेव्हा ती धरते आणि शिट्टी थांबते, हे मला तरी माहीत आहे.

कार्यक्रमात गायक ओठांचा चंबू करतो, मी बटण दाबतो, शिट्टी वाजते. अकरा सेकंदांनी मी बटण पुन्हा दाबतो, ती थांबते. काम एवढंच. पण माझं लक्ष कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे (ऑइल काढून नट बसवायला विसरलो आणि सगळं नवं ऑइल जमिनीला पाजलं, ती आठवण तुम्ही काढण्याआधी मीच काढतो). मागच्या महिन्यात सर्वांत मोठ्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत एक बाई विणकाम करत होती. एवढ्या गोंगाटात स्वेटर. मी टाके मोजायला लागलो. तेवढ्यात अकरा सेकंद झाले, बारा झाले, आणि गायकाच्या चंबूतून तुमचा आवाज आला: 'अरे, चौदाचा पाना दे. तुला म्हणतोय. कान कुठे ठेवून आलास?' आणि मग तुमचा खोकला. पूर्ण.

मला वाटलं, संपलं. पण लोकांना वाटलं ही कला आहे. पुढच्या कार्यक्रमापासून शिट्टी झाली की सगळा हॉल ओरडतो, 'चौदाचा पाना दे.' काही जण खोकतातसुद्धा. फक्त एका पेपरवाल्याने विचारलं, मग शिट्टी नक्की वाजवतं कोण? गायकाने मुलाखतीत सांगितलेलं, मीच, माझं लहानपण गॅरेजमध्ये गेलं. (त्याच्या वडिलांचा दातांचा दवाखाना आहे. त्याने आयुष्यात बॉनेट एकदाच उघडलं, तेही काच खाली करायला गेला तेव्हा.) ते लहानपण छबीबाईंनी माझ्याकडून घेऊन त्याला दिलं, कारण त्याच्या चेहऱ्याला ते जास्त शोभतं. मी काही बोललो नाही, ही माझी चूक. तुमची शिट्टी न विचारता नेली, ही त्याआधीची.

आता टीव्हीवाले म्हणतात, पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी चार वाजता थेट कार्यक्रमात या आणि बटणाशिवाय शिट्टी वाजवून दाखवा, नाहीतर आम्ही जाहीर करू की 'पंक्चर'मध्ये नुसती हवा आहे. गायकाच्या शिट्टीतून फक्त फूं येते. वडिलांनी दात फारच बरोबर बसवले आहेत. कंपनीने एक शिट्टीवाला भाड्याने आणला. त्याने इतकी गोड, इतकी सलग वाजवली, की ठेका बसवायला कुठे फटच सापडेना. ढोलवाला म्हणाला, 'याची कंबर ठीक आहे, याला परत पाठवा.' आमच्यात एवढा खरा माणूस तोच. बँड बुडाला तर तो परत वडिलांच्या दुकानात बसेल, गायकाला दवाखाना आहे, गिटारवाल्याला सासुरवाडी. मला फक्त तुमच्याकडे यायचा रस्ता आहे, आणि तो मी रुसून बंद केला आहे.

बाकी सर्व ठीक. कमरेला शेक देत जा. मामीला पुन्हा नमस्कार.

तुमचा, कान सापडलेला,
भाचा

ता. क. : लक्षात आलंच असेल, त्या शनिवारी तुम्ही यायचं आहे. स्टेजवर एक गिअरबॉक्स ठेवतो, तुम्ही नुसते बोल्ट आवळा. बोल्टशिवाय तुम्हाला शिट्टी येत नाही हे मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

ता. क. २ : छबीबाईंनी तुमचा फोटो पाहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, केसांचा भांग. म्हणाल्या, हे मेकॅनिक वाटत नाहीत, बँकेतले वाटतात. तुम्हाला मळका शर्ट घालायला सांगतील. घालू नका. कामाला तेलकट डगला वरून चढवून आत शर्ट पांढरा ठेवणारा माणूस त्यांनी पाहिलेला नाही.

ता. क. ३ : एक बारीकशी अडचण. गायकाच्या मुलाखतीत मामा वारले आहेत. गाडीखाली, शिट्टी वाजवता वाजवता. लोक त्या ओळीला रडतात. छबीबाई म्हणतात, तुम्ही मामांचे भाऊ म्हणून या. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी नाही म्हणालो: येतील तर मामा म्हणून, जिवंत येतील. मामीला हे कळवताना ती बसलेली असू दे.

ता. क. ४ : गावाकडचा एक जण कार्यक्रमात भेटला, म्हणाला की चौदाचा पाना हरवल्यापासून तुम्ही शेजारच्या वेल्डरकाकांशी बोलत नाही. तुम्ही मागत होता तेव्हा तो माझ्या मागच्या खिशात होता. सापडला तेव्हा मी दोन गावं पुढे गेलो होतो, आणि मग लाज वाटली. अजून खिशातच आहे. रोज हजार माणसं माझ्याकडे तो मागतात आणि मी खुळखुळा वाजवतो. शनिवारी तुम्ही मागा, मी देईन. वेल्डरकाकांना त्यानंतर सांगा, आणि मी गावात नसताना सांगा.