बाबांच्या वाट्याचा दगड

लखनौ, १४ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हो-हो करता, म्हणून हे पत्र. बाबा, मी आनंदाने वेडी व्हायची बाकी आहे! कोळशाच्या खाणीत तुम्ही हातोड्याने फोडून दोन केलेला दगड आठवतो ना? दोन्ही तुकड्यांवर त्याच पानाचा ठसा. मी नोकरीला निघताना एक मला दिलात, एक स्वतःकडे ठेवलात. ते पान आम्ही नेच्याचं समजत होतो. काल भिंगाखाली त्याच्या टोकाशी चक्क बी दिसलं! नेच्याला बी येत नाही. बी पानालाच लागलेलं असेल, तर हे नेच्यासारखं दिसणारं, पण बी धरणारं, कधीच नामशेष झालेलं झाड ठरेल. नेमका पान आणि बी जोडणारा देठ माझ्या तुकड्यावर तुटलाय. आमच्या जीवाश्म संस्थेतले नरेंद्र सर म्हणतात, बी नुसतं शेजारी येऊन पडलं असेल. तुमच्या तुकड्यावर देठ अख्खा असेल, तो हवाच! इथल्या लष्करी छावणीतला अभिजित सुट्टीवर चंद्रपूरला आलाय, त्याच्याबरोबर पाठवा. धुऊ-पुसू मात्र नका. आईला नमस्कार.

तुमची लाडकी आणि उतावळी,
स्वरदा

चंद्रपूर, २० नोव्हेंबर २०२४

चि. स्वरदास अ. उ. आ.

पत्र बाबांना आणि उत्तर माझं, कारण त्यांचं तोंड उतरलंय. निवृत्तीपासून दर खंडेनवमीला हे हातोड्याची पूजा करतात, तेव्हा तो दगडही शेजारी मांडतात. खोबरेल तेलाचा हात आणि वर चिमूटभर कुंकू! तुझं पत्र वाचलं आणि ब्रश-साबण घेऊन बसले. लेकीचा पुरावा आपणच नासवला, असं घोकत होते. पुसू नका असं तू बजावलं होतंस, म्हणून मी दगड हिसकावून तांदळाच्या डब्यात दडवला. आता आहे तसाच अभिजितकडे देतेय. सोबत चिवडा आहे, एकटीने संपवू नकोस. काही बिघडलं असेल तर आधी मला कळव, यांना मी सांभाळून सांगेन.

तुझी,
आई

लखनौ, २७ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा आणि आई, शि. सा. न. वि. वि.

काही बिघडलेलं नाही! कुंकू बघून सरांनी आधी कपाळाला हात लावला. मग दिवा तिरपा धरला आणि मला जवळ बोलावलं. कुंकू देठाच्या बारीक खाचेत बसलं होतं. ती लाल रेघ पानातून निघून थेट बीपर्यंत गेली होती, कुठेही न तुटता! सूक्ष्मदर्शकाखालीही देठ अखंड निघाला. सर हिंदीत एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या खोलीतले धावत आले. मी तिथेच रडले.

दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवले, बरोब्बर बसले. आता ते इथे संग्रहात एकत्रच राहणार. बाबा, तुमचा अर्धा परत मिळणार नाही. शोधणारा म्हणून सरांनी तुमचं नाव लिहिलंय, आणि त्या नावाचा माणूस त्यांना बघायचाय.

लोभ असावा, पण लखनौचं तिकीट आधी काढावं.

तुमची,
स्वरदा