यामिर्काचा प्रबंध आणि माझी डिस्क

सोमवार, ८ जून. सकाळी ७.
कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून गप्प. आत लेकीचा, यामिर्काचा, प्रबंध. शुक्रवारी परीक्षकांसमोर उभं राहायचंय. दुसरी प्रत? नाही. पोरगी रडतेय. मी शांत. बावीस वर्षं फिजिक्स शिकवलंय, यंत्रं मला घाबरतात. विंडोज नव्याने टाकायचं, झालं. उद्या दुपारपर्यंत काम फत्ते.

बायको, नोराइदा, म्हणाली, "म्हाताऱ्या, दुनिएस्काला बोलाव. अख्ख्या कामाग्वे शहरातले कॉम्प्युटर ती दुरुस्त करते." साफ नाही म्हटलं. दुनिएस्काला मी फिजिक्समध्ये दोनदा नापास केलंय.

दुपारी २.
शाळेतल्या सहकाऱ्याकडून विंडोजची फाइल घेतली. शाळेतल्या कॉम्प्युटरवरून स्वतः कोऱ्या डिस्कवर टाकली. वर सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं. अर्धं काम इथेच झालं.

मंगळवार, ९.
डिस्क घातली. फिरली, गुरगुरली. पुन्हा निळा पडदा. डिस्कचा दोष नाही, धूळ असणार. आतलं भिंग नोराइदाच्या कोलोनने पुसलं. फरक शून्य. पण कॉम्प्युटरला आता बायकोचा वास येतो.

बुधवार, १०.
सेटिंगमध्ये शिरलो. "आधी डिस्क वाच" असं कॉम्प्युटरला बजावलं. सगळं इंग्रजीत. निम्मं समजलं, निम्मं अंदाजाने. त्यात तारीख १९८० झाली. बाकी प्रगती उत्तम. मग वीज गेली. यात माझा काय दोष?

गुरुवार, ११. सकाळ.
यामिर्काला सांगितलं, नव्वद टक्के काम झालं. तिने विचारलं, राहिलं काय? म्हटलं, सुरू व्हायचं. ती सरळ बाहेर गेली. हल्लीच्या मुलांना धीर नाही.

त्याच दिवशी, ११ वाजता.
दुनिएस्काला घेऊनच आली! मी मोठ्या मनाने कॉफी दिली. तिने डिस्क बघितली आणि हसली. "सर, तुम्ही फाइल नुसती डिस्कवर ठेवलीत. ती इन्स्टॉलेशन डिस्क म्हणून बर्न करावी लागते. हे म्हणजे कृतीचा कागद पातेल्यात टाकून भाताची वाट बघणं."

मग तिने विचारलं, डिस्क चालली असती तर काय करणार होतात?

"सगळं पुसून नवंकोरं विंडोज," मी छाती फुगवून सांगितलं.

"आणि प्रबंध?"

नोराइदाने माझ्या हातातला कप काढून घेतला.

दुनिएस्काने हार्ड डिस्क काढून आपल्या कॉम्प्युटरला जोडली. दहा मिनिटांत प्रबंध बाहेर. चौऱ्याण्णव पानं, एक अक्षर हललेलं नाही. धोका ओळखून मी मुद्दामच सावकाश घेत होतो, असं म्हणून पाहिलं.

शुक्रवार, १२. संध्याकाळ.
यामिर्का पास. उत्तम शेरा. घरात पाहुणे, केक, गोंगाट. तिने माझ्या गळ्यात हात टाकला आणि सगळ्यांना सांगितलं, "हा माझा पापा. याला जमलं नाही, म्हणून मी पास झाले."

टाळ्या वाजल्या. मी उठून, वाकून, त्या स्वीकारल्या.